मुकुंदवाडीतला खिशांचा पडदा

मी पडदा बोलतोय. दारावरचा, कापडाचा, साधा पडदा. फरक एवढाच की माझ्या अंगावर खिसे आहेत. एखाददुसरा नाही, वरपासून खालपर्यंत खिसेच खिसे, आणि प्रत्येक खिशावर एक अक्षर शिवलेलं. घरात पहिल्यांदा आलेला माणूस माझ्याकडे बघून हसतो आणि विचारतो, "हे काय आहे?" आजवर या प्रश्नाला घरातली माणसंच उत्तर देत आली. आज मी देतो.

माझा जन्म लॉकडाऊनमधला. मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या अलीकडे एका घराच्या खालच्या दोन खोल्यांत राजकुमार आणि संध्या भाड्यानं राहायचे. राजकुमार शेंद्र्याला कंपनीत कामाला. संध्यानं डीएड केलेलं. शिक्षक भरतीची वाट बघता बघता तिचं लग्न झालं, मग सम्यक झाला, आणि भरती काही निघाली नाही. शेजारच्या खोल्यांत आबेदा राहायची. तिचं शिलाईचं काम. पँट आखूड करून दे, चेन बसवून दे, फॉल-पिको कर. तिची मुलगी अरफा सम्यकपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोन्ही घरांची दारं एकाच अंगणात उघडायची. फाटकाबाहेर जायची बंदी होती, पण अंगणात यायला कुणाची मनाई नव्हती.

सम्यक तेव्हा नुकताच दोन वर्षांचा झाला होता. कंपनी बंद, अंगणवाडी बंद, दिवस मोठे आणि उन्हाचे. संध्याच्या अंगात शिकवायची हौस साठून राहिलेली, ती सगळी त्या एकट्या पोरावर उतरली. कणकेच्या वळकट्या करून ती त्यांची अक्षरं मांडायची. ताटात रवा पसरून त्यात त्याचं बोट फिरवायची. भेंडी आडवी कापून तिचे ठसे घ्यायची आणि ठशांचा 'अ' करायची. सम्यक रवा खाऊन टाकायचा, कणीक केसांना लावायचा, आणि भेंडीचा रंग भिंतीला, चादरीला, बापाच्या बनियनला पुसायचा.

"केलेलं काही टिकतच नाही," संध्या एकदा आबेदाजवळ म्हणाली. "संध्याकाळी सगळं पुसून घ्यायचं, सकाळी परत पहिल्यापासून."

आबेदाच्या मशीनखाली चिंध्यांचं एक पोतं असायचं. त्यात उसवलेले खिसे खूप. जुन्या पँटींच्या पिशव्या शिवून द्यायचं काम तिच्याकडे यायचं, तेव्हा खिसे निघायचे. तिनं त्यातले मूठभर काढून संध्यासमोर टाकले.

"हे बघ. फेकायला मन होत नाय, अन् लावू कुठं ते समजत नाय."

संध्यानं एक खिसा उचलला. आत दोन बोटं घालून तो चाचपला. मग म्हणाली, "भाभी, यात वस्तू ठेवता येईल. अन् वर अक्षर."

झालं, तिथं माझी सुरुवात झाली. संध्याची एक जुनी निळी चादर दुहेरी करून माझं अंग तयार झालं. खिसे मात्र दहा ठिकाणचे. कुणाच्या शाळेच्या खाकी चड्डीचा, कुणाच्या जीन्सचा, एक राजकुमारच्या कंपनीच्या करड्या शर्टाचा. संध्या लाल कापडावर खडूनं अक्षर काढून द्यायची, आबेदा ते कापून मशीनवर शिवायची. आबेदा उर्दू शाळेत शिकलेली. मराठी बोलायला तिला काही अडचण नव्हती, पण अक्षरांची वळणं शिवताना तिची फजिती व्हायची.

"हा तुमचा झ लई फिरतो," ती म्हणाली. "माझ्या मशीनला बी चक्कर आली."

संध्यानं एक नियम ठरवला होता. घरातली जी वस्तू लहान हातात मावेल, तिचंच अक्षर घ्यायचं. त्यामुळे ण आणि ळ यांना खिसा मिळाला नाही. आबेदाला त्यांची कीव आली. "त्यांना बी द्या की एकेक."

"त्यांच्यानं सुरू होणारं घरात काहीच नाही, भाभी."

दोन खोल्यांच्या मधल्या दारावर मला टांगलं. क मध्ये कंगवा, च मध्ये चमचा, झ मध्ये डब्याचं झाकण, ट मध्ये टोपी, ब मध्ये चिंध्यांची बाहुली, म मध्ये सम्यकचा मोजा. ल मध्ये लाटणं ठेवलेलं, त्याचा दांडा बाहेर यायचा. पोळ्या करायच्या वेळी संध्या ते माझ्यातून काढून न्यायची, पोळ्या झाल्या की धुऊन पुसून परत ठेवायची. इतक्या कामाच्या वस्तू सांभाळायला मिळाल्यावर मला आपण फार मोठे आहोत असं वाटायचं.

त्या दुपारी अजून आठवतात. राजकुमार चटईवर आडवा, कूलरचा गार वारा मला हलवतोय, आणि संध्या खाली मांडी घालून बसलेली. समोर सम्यक. ती हळू, तोंड नीट उघडून म्हणायची, "च. चमचा." तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मग डुलत डुलत माझ्याकडे यायचा आणि चमचा काढून तिच्या हातात द्यायचा. क्वचितच चुकायचा. चुकला तर अरफा पुढे होऊन बरोबर खिशावर हात ठेवायची.

"अरफा, तू सांगू नको गं त्याला," संध्या म्हणायची. अरफा हात मागे घ्यायची, आणि संध्याचं लक्ष नसलं की परत ठेवायची.

संध्या मोबाइलवर व्हिडिओ काढायची आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची. उत्तरं यायची. पोरगं हुशार आहे. आई डीएड आहे ना त्याची. संध्या ती उत्तरं राजकुमारला वाचून दाखवायची. भरतीनं जे दिलं नव्हतं ते तिला त्या उत्तरांत मिळत होतं.

सम्यक बोलत मात्र नव्हता. मम्मा म्हणायचा, पापा म्हणायचा, एवढंच. संध्यानं सासूला, केसरबाईंना, देवगाव रंगारीला फोन लावून विचारलं. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं.

"बोलंल की," केसरबाई म्हणाल्या. "राजकुमार बी लई उशिरा बोलला. अन् आता बघ, गप बस म्हनलं तरी बसत नाय."

खरं तर राजकुमार फार बोलणारा माणूस नव्हताच. पण संध्याला धीर आला. ज्या पोराला इतकी अक्षरं ओळखू येतात त्याला काय धाड भरणार आहे, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटायचं.

कंपनी सुरू झाली. राजकुमार तोंडाला मास्क लावून कंपनीच्या बसनं जायला लागला. वर्ष असंच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत परत ताप सुरू झाला आणि या वेळी तो संध्याला आला. तपासणीत कोरोना निघाला. त्रास फार नव्हता, पण तिला वेगळं राहायला सांगितलं. ती आतल्या खोलीत, राजकुमार आणि सम्यक बाहेरच्या. उकाडा इतका की दार लावून घेणं शक्यच नव्हतं. मधे फक्त मी. आबेदा दोन्ही वेळचा डबा उंबऱ्यावर ठेवून जायची.

एका सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, आलं की सगळी कामं टाकून भरावं लागतं. राजकुमार अंगणात ड्रम भरत होता. बाहेरच्या खोलीत सम्यक एकटाच, माझ्याकडे पाठ करून फरशीवर एक वाटी फिरवत बसलेला. आत संध्या भिंतीला टेकून बसली होती. तिला पोराची आठवण आली असणार.

"सम्यक," तिनं हाक मारली. "बाळा, चमचा दे बरं मला. पडद्याखालून सरकव."

सम्यक वाटी फिरवत राहिला.

"सम्यक. च. चमचा."

मी कापडाचा आहे. माझ्यातून वारा जातो, उजेड जातो, आवाज तर जातोच. तिचा आवाज माझ्यातून त्याच्यापर्यंत पोहोचला हे मला ठाऊक आहे. तो वळला नाही. तिनं आणखी दोनदा हाक मारली. थोड्या वेळानं तिनं राजकुमारला फोन केला, म्हणजे आतल्या खोलीतून अंगणात. "तो रुसलाय माझ्यावर," ती रडत म्हणाली. "त्याला वाटतं मी त्याला टाकून दिलं."

राजकुमार ओल्या हातानं फोन कानाला धरून दारात आला आणि पोराकडे बघत उभा राहिला. सम्यक त्याला बघून हसला.

संध्या बरी झाली तरी डॉक्टरांनी आणखी काही दिवस मास्क लावायला सांगितला होता. ती बाहेर आली तेव्हा सम्यक धावत जाऊन तिच्या पायांना बिलगला. कितीतरी वेळ सोडेना. मग ती नेहमीसारखी माझ्यासमोर मांडी घालून बसली. "च," ती म्हणाली. "चमचा."

सम्यक तिच्याकडे बघत राहिला.

"विसरलास? बरं, ट. टोपी."

तो जागचा हलला नाही. मग पुढे झाला आणि दोन्ही हातांनी तिचा मास्क खाली ओढला. तिनं वर केला, "नको बाळा" म्हणाली. त्यानं परत ओढला. आणि तिच्या ओठांकडे बघत, वाट बघत उभा राहिला.

संध्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. तिनं मास्क तसाच हनुवटीवर राहू दिला आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवले. बाहुली.

सम्यक वळला, माझ्याकडे आला, ब च्या खिशातून बाहुली काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. टाळ्यांची वाट बघत हसला.

तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उठून त्याच्या मागं गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "सम्यक, चमचा." मग आणखी मोठ्यानं. तो आपला माझ्याकडे तोंड करून, आता काय आणायचं ते सांगणारा चेहरा कुठं गेला म्हणून इकडे तिकडे बघत होता.

राजकुमार आला तेव्हा ती बाहुली हातात घेऊन बसलेली होती. "अहो," ती म्हणाली, "याला ऐकू येत नाही."

"काहीतरीच. टीव्ही लावला की येतो की पळत."

"दिसतो म्हणून येतो."

राजकुमारनं स्वयंपाकघरातून थाळी आणली आणि पोराच्या मागं उभं राहून पळीनं वाजवली. सम्यक दचकून वळला. "हे बघ," राजकुमार म्हणाला, त्याचा जीव भांड्यात पडला होता. "ऐकतो की."

"थाळी ऐकतो," संध्या म्हणाली. "मला नाही ऐकत."

पुढचं दवाखान्यातलं मी बघितलेलं नाही, घरात झालेल्या बोलण्यावरून मला कळलं. तपासणीत निघालं की सम्यकला दोन्ही कानांनी जन्मापासूनच कमी ऐकू येतं. मोठे, जड आवाज थोडेफार पोहोचतात, बोलणं पोहोचत नाही. कानात मशीन घालावी लागेल, आणि मग ऐकायला शिकवावं लागेल. तिथल्या मॅडमनी विचारलं, इतके दिवस घरी कुणाच्या लक्षात कसं नाही आलं? त्यांनी सहज विचारलं होतं. संध्या मात्र तो प्रश्न घेऊनच घरी आली.

आल्या आल्या तिनं मला दांडीवरून काढलं. खिसे रिकामे केले नाहीत. कंगवा, चमचा, लाटण्यासकट माझी गुंडाळी केली आणि माळ्यावर गोधड्यांच्या मागं सारून दिली.

आबेदा आली तेव्हा तिनं मोकळ्या दाराकडे बघितलं. "परदा का काढला?"

"मी मुलांना शिकवायचं शिकले, भाभी," संध्या म्हणाली. "वर्षभर त्याच्यासमोर बसले. व्हिडिओ काढले, लोकांना दाखवले. तो माझं तोंड वाचत होता अन् मी टाळ्या वाजवत होते."

आबेदा तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, "अरफा त्याला कधी आवाज देत नाय. खेळायला बोलवायचं तर जाऊन हात लावते. मी बी रोज बघत होते. मला बी नाय समजलं."

माळ्यावर अंधार असायचा, पण माझी एक कड गोधडीबाहेर आली होती, तिथून मला खालचं दार दिसायचं. सम्यक दाराशी यायचा आणि वर दांडीकडे बघायचा. संध्या त्याला उचलून घेऊन जायची. तिनं त्याच्याशी खेळणं सोडलं होतं असं नाही, पण त्याला काही विचारणं सोडलं होतं. जेवू घालायची, आंघोळ घालायची, कडेवर घेऊन उभी राहायची.

एक दिवस तो स्वयंपाकघरातून झाकण घेऊन आला आणि मी लोंबत होतो त्याच्या बरोबर खाली, उंबऱ्यावर, ते ठेवलं. मग राजकुमारची टोपी आणली आणि झाकणाच्या शेजारी ठेवली. मग टोपलीतला बटाटा आणून थोडा पलीकडे ठेवला. तिथं ब चा खिसा यायचा. माझ्या अंगावर जिथं जे होतं, त्याच्या खाली तो एकेक मांडत होता.

राजकुमार कामावरून आला. त्याचा पाय बटाट्यावर पडता पडता राहिला. तो खाली वाकून बघत राहिला, मग त्यानं संध्याला बोलावलं. संध्या आली, बघितलं, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"त्यानं काय केलंय गं?" राजकुमार म्हणाला. "आपल्याला कळलं नाही, ते आपलं. त्याचं कशाला काढून घ्यायचं?"

मी या दारावर आल्यापासून तो एवढं सलग बोललेलं ऐकलं नव्हतं. तो स्टुलावर चढला आणि त्यानं मला खाली ओढलं. धूळ त्याच्या डोळ्यांत गेली. चमचा खाली पडला, तो सम्यकनं उचलला आणि मी दांडीवर चढेपर्यंत हातात धरून ठेवला.

पावसाळ्यात मशीन आल्या. दोन, छोट्या, कानामागं बसणाऱ्या. केसरबाई देवगावहून एसटीनं आल्या, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. नातवाच्या कानाकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"एवढ्याशा लेकराच्या कानात हे काय घातलंय? लोक काय म्हनतील?"

"लोक काय म्हणतील ते त्याला ऐकू तर येऊ द्या, आई," संध्या म्हणाली.

केसरबाईंनी पिशवी पुढे ओढली. शेंगा फोडत बसल्या आणि दाणे सम्यकच्या मुठीत देत राहिल्या.

सुरुवात सोपी नव्हती. कुकरची शिट्टी झाली की सम्यक किंचाळायचा. गल्लीतून मोटारसायकल गेली की रडायचा. अंगणातल्या कावळ्याला तर तो इतका घाबरला की दोन दिवस दारात आला नाही. इतके दिवस त्याचं जग शांत होतं, आणि आता सगळं घर त्याच्यावर ओरडत होतं. जरा नजर चुकली की तो मशीन काढून टाकायचा. संध्या परत घालायची. रोज सकाळी त्याच्यासमोर बसून म्हणायची, "चला, कानातलं घालू या. कानातलं." तो मान हलवून नाही म्हणायचा, ती घालायची, तो काढायचा. दिवाळी येऊन गेली तरी हेच चाललं होतं.

एका सकाळी मशीन सापडेनात. पलंगाखाली बघितलं, चादरी झटकल्या, केराची बादली अंगणात उलटी केली. आबेदा आणि अरफा आल्या. दिवाळीला येऊन राहिलेल्या केसरबाईंनी गव्हाचा डबा परातीत ओतून चाळला. राजकुमारनं मोरीच्या जाळीत हात घातला. माझ्या पोटात त्या वस्तू होत्या आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं. पडद्याच्या जन्मातलं एवढं एक दुःख मी सांगून ठेवतो.

शेवटी संध्या दमून खाली बसली. सम्यकचे केस विस्कटलेले होते. सवयीनं तिनं माझ्या क च्या खिशात कंगव्यासाठी हात घातला आणि हात तसाच आत राहिला. बाहेर काढला तेव्हा मुठीत कंगवा होता, आणि दोन्ही मशीन.

"इथं कुणी ठेवल्या?" तिनं सगळ्यांकडे बघितलं. अरफानं मान हलवली. मग संध्यानं सम्यककडे बघितलं. तो आपला माझ्याजवळ उभा होता, यात शोधण्यासारखं काय होतं असा चेहरा करून.

"कानातलं," ती हळूच म्हणाली.

सम्यकनं क वर हात ठेवला. थोपटला. आणि म्हणाला, "का."

 केसरबाई परात मांडीवर घेऊन तशाच बसल्या. "व्हय गं," त्या म्हणाल्या, "बोललं की माझं लेकरू."

संध्या हसत होती आणि रडत होती. राजकुमारला ती सांगायचा प्रयत्न करत होती. "मम्मा, पापा ओठांवर दिसतं हो. क दिसत नाही. क घशातून येतो. तो ऐकल्याशिवाय म्हणताच येत नाही." राजकुमारला ते किती कळलं कोण जाणे. ओल्या हातांनी त्यानं पोराला उचललं. मोरीचा चिखल सम्यकच्या सदऱ्याला लागला.

त्यानंतर खेळ बदलला. संध्या आता त्याच्या मागं बसायची, नाहीतर ओढणी तोंडासमोर धरायची. "चमचा," ती म्हणायची, आणि सम्यक थांबायचा, कान द्यायचा, माझ्याकडे यायचा. सुरुवातीला चुका फार. कंगवा मागितला तर टोपी, टोपी मागितली तर मोजा. चूक आणली तरी ती हातात घ्यायची, तिचं नाव सांगायची आणि परत ठेवायला लावायची. शब्द एकेक करून आले. अरफाला तो कितीतरी दिवस 'अफा' म्हणायचा. अरफाही कुणी नाव विचारलं तर 'अफा' सांगायची.

गल्लीतल्या बायका मला बघायला यायच्या आणि आपल्या लेकरांसाठी असाच पडदा मागायच्या. आबेदानं माझी पाच-सहा भावंडं तरी शिवली असतील. संध्या प्रत्येकीला अक्षरं काढून द्यायची आणि जाताना सांगायची, "एकदा त्याच्या मागं उभं राहून हळूच हाक मारून बघा." कुणी विचारलं का, तर सांगायची. लपवायची नाही.

सम्यक शाळेत गेला. पहिल्या बाकावर बसायचा. हळूहळू तो पाट्या वाचायला लागला, दुकानांची नावं वाचायला लागला, आणि माझ्याकडे त्याचं येणं कमी झालं. मी घरच्यांच्या कामाचा झालो. एका खिशात वीजबिल, एकात मोबाइलचा चार्जर, एकात राजकुमारचं कंपनीचं कार्ड, एकात सम्यकच्या मशीनचे सेल. निळा रंग उडून करडा झाला. र चा खिसा एका बाजूनं उसवला, तो कुणी शिवला नाही. मला राग नव्हता. पण दुपारी घर रिकामं असलं आणि वारा आला की वाटायचं, समोर आत्ता कुणीतरी मांडी घालून बसेल.

यंदा राजकुमारनं करमाडला घर बांधलं. लहानच आहे, पण स्वतःचं, आणि कंपनी जवळ. सामान बांधायला काढलं तेव्हा संध्यानं सगळ्यात आधी मला उतरवलं, घडी घातली आणि आपल्या साड्यांच्या खोक्यात ठेवलं. आबेदा मदतीला आली होती. तिच्या कडेवर झीशान, अरफाचा धाकटा भाऊ, दोन वर्षांचा. तो खोक्यात वाकला आणि माझी कड धरून ओढायला लागला. आबेदानं त्याची बोटं सोडवली. "नक्को बेटा, भैयाचा आहे." आबेदानं मला मागितलं नाही, आणि संध्यानंही देते म्हटलं नाही. दोघी घड्या घालत राहिल्या.

सम्यक वह्या बांधत होता. सात वर्षांचा झालाय आता, उंच आणि सडपातळ. तो म्हणाला, "मम्मी, दे ना त्याला."

"तुला नको?"

"मला वाचता येतं की," सम्यक म्हणाला.

 तिनं मला खोक्यातून काढलं, मांडीवर पसरलं आणि एकेक खिसा रिकामा करायला घेतला. वीजबिल, चार्जर, सेल. प्रत्येक खिसा रिकामा झाला की त्यावरचं अक्षर ती हातानं सपाट करायची. क जवळ तिचा हात जरा जास्त वेळ राहिला. मग सुई-दोरा मागून तिनं र चा खिसा शिवला, दोरा दातानं तोडला आणि मला आबेदाच्या खांद्यावर टाकलं.

"भाभी, धुवायचा असला तर गार पाण्यात धुवा. लाल रंग जातो."

"माहीत आहे," आबेदा म्हणाली. "मीच शिवलाय." मग दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

आता मी आबेदाच्या घरी, मशीनच्या शेजारच्या दारावर असतो. शेजारच्या खोल्यांत नवे भाडेकरू आले आहेत, त्यांची ओळख अजून व्हायची आहे. रविवारी कधी संध्याचा व्हिडिओ कॉल येतो. आबेदा मोबाइल माझ्याकडे वळवते, आणि करमाडच्या घरातून सम्यक विचारतो, "झीशान, आज काय शिकला?"

मला या घराची सवय व्हायला वेळ लागला. सम्यक गप्प पोरगा होता, आणि हा झीशान झोपेतसुद्धा बडबडतो. मराठी, दख्खनी, मधेच कुठली तरी जाहिरात. अरफा त्याला माझ्यासमोर बसवून शिकवते. तो एकही वस्तू जागेवर ठेवत नाही, आणि अरफा आता गुपचूप बरोबर खिशावर हात ठेवण्याच्या वयाची राहिलेली नाही, ती चिडते. मी थकलोय. कापड विरत चाललंय, खालच्या कडेचे दोरे लोंबतात. आणखी किती दिवस टिकेन सांगता येत नाही. संध्या, राजकुमार, तुमचं घर सुखाचं असो. तुमच्या दारावर जो पडदा असेल त्याला माझा जयभीम सांगा.

आणखी बोललो असतो, पण झीशान उठलाय. अरफा शाळेत आहे, आबेदाची पाठ आहे, मशीन चालू आहे. त्याच्या हातात अर्धी खाल्लेली जिलेबी आहे, पाक कोपरापर्यंत आलाय, आणि तो तोंडानं 'ज, ज' करत इकडे तिकडे कुठंही न बघता सरळ ज च्या खिशाकडे निघालाय. ऐकणाऱ्यांना एवढीच विनंती, आबेदाला आत्ताच हाक मारू नका. त्याला पोहोचू द्या.